आप्पांची सहा मेडलं

बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात दर दोन-चार घरांआड एक फौजी सापडतो. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे 'भरती' हा शब्द आमच्या पोरांना फार लवकर कळतो. आमचे आप्पा १९५७ ला भरती झाले आणि १९७४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले.

आप्पा गेले आणि वाटणीचा विषय निघाला. शेताचं, घराचं तासाभरात मिटलं. अडलं ते मेडलांवर. मेडलं सहा, आम्ही भावंडं तिघं. धाकटा म्हणाला, "दोन-दोन घेऊया." एक भाचा हळूच बोलला, "यात शौर्याचं एकपण नाही की. ही तर सगळ्यांनाच मिळतात."

बोलला ते खरंच होतं. रक्षा मेडल १९६५ च्या लढाईच्या वेळी नोकरीत असणाऱ्यांना मिळालं, संग्राम मेडल १९७१ साठी. एक स्वातंत्र्याच्या पंचविशीचं, एक नऊ वर्षांच्या सेवेचं. सैन्य सेवा मेडलावर 'हिमालय' अशी पट्टी, म्हणजे तिथल्या थंडीत काढलेले दिवस. आणि सहावा पूर्वी स्टार, बांगलादेशच्या आघाडीचा. आप्पा जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठात होते. डिसेंबर १९७१ मध्ये या पलटणीनं जमालपूरला शत्रूची वाट अडवून धरली. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलनं उत्तर धाडलं, त्यात बंदुकीची गोळी होती. ११ तारखेला जमालपूर पडलं.

आप्पा यातलं फार सांगायचे नाहीत. "होतो तिथं," एवढंच.

त्या महिन्यात आमची आक्का दहा वर्षांची होती. आईला लिहिता यायचं नाही. आई सांगायची, आक्का इनलँडवर उतरवायची. पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसता एपीओचा नंबर. कित्येक दिवस उत्तर आलं नाही, तरी आई सांगत राहिली आणि आक्का लिहीत राहिली. गाय व्याली, जोंधळा बरा आहे, पोरं बरी आहेत. रडण्याचं एक वाक्य आईनं कधी लिहू दिलं नाही.

आक्कानं वाटणीत काहीच मागितलं नव्हतं. मीच म्हटलं, सहाही तिच्याकडं राहू देत. सुटं केलं तर प्रत्येक मेडल एकेका सालाचं. सगळी एका पट्टीवर असली तरच आप्पांची सतरा वर्षं दिसतात. धाकट्यालाही पटलं. 'हजर होता' याची पावती सगळ्यांना मिळते खरी, पण त्या हजेरीची किंमत घरोघरी वेगवेगळी मोजलेली असते.

तुमच्याकडं अशी मेडलं असतील तर चिंच लावून घासू नका, मऊ कापडानं पुसा. कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन वाचा, वहीत उतरवा. आणि त्या काळात घरी पत्रं कोण लिहायचं, तेही विचारून ठेवा.