सात रात्रींचा हिशोब

पनवेल हे पूर्वीपासून वाटेवरचे गाव. रेल्वे नव्हती तेव्हा पुण्याकडे निघालेला मुंबईकर होडीने पनवेलच्या बंदरात उतरत असे आणि तेथून घाटाची वाट धरत असे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि वर्दळ वाढली. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली आणि ती वर्दळ कर्जतकडे वळली. पुढे मोटारींनी गावाचा मान परत केला. आज पुण्याचा जुना रस्ता, द्रुतगती मार्ग आणि गोव्याचा महामार्ग असे तिन्ही रस्ते आमच्या दारातून फुटतात. इतक्या वाटा दाराशी असून आम्ही पेठेतले दुकानदार मात्र गल्ल्यावरून हलत नाही, ही गोष्ट वेगळी. सगळे जग पनवेलवरून कुठे ना कुठे जाते आणि आम्ही त्यांना पाण्याच्या बाटल्या विकतो.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी एका हॉलिडे क्लबचे आमंत्रण आले तेव्हा आमच्या सौ. प्रथमच हट्टाला पेटल्या. एका हॉटेलात चहापान, सोबत भेटवस्तू, आणि ‘पती-पत्नी दोघांनी येणे आवश्यक’ अशी अट. या अटीचे मर्म मला नंतर उमगले: घरी जाऊन विचारून सांगतो, ही व्यापाऱ्याची ठेवणीतली पळवाट तिथे बंद होते. दोन तास चित्रे पाहिली. महाबळेश्वर, गोवा, कूर्ग, मुन्नार. पंचवीस वर्षांचे सदस्यत्व, दर वर्षी सात रात्री, किंमत चार लाख; त्यावर वार्षिक देखभाल शुल्क, कर धरून एकवीस हजार. सौं.च्या चेहऱ्याकडे पाहून मी पन्नास हजार आगाऊ भरले आणि सही केली.

घरी आल्यावर बापूजींनी कागद मागितला. त्यांनी करार वाचला नाही. पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. चार लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे अठ्ठावीस हजार व्याज. त्यात देखभालीचे एकवीस हजार. एकूण एकोणपन्नास हजार, भागिले सात रात्री. एक रात्र सात हजार रुपयांना पडली, आणि जेवण त्यात नाही. ‘मुद्दल शेवटी परत येते का?’ त्यांनी विचारले. येत नाही. ‘देखभाल पंचवीस वर्षे एवढीच राहील का?’ तेही नाही. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: ‘दुकान सोडून सात रात्री तू कधी जाणार?’

या प्रश्नावर मी आणि सौ. बराच वेळ पंचांग घेऊन बसलो. अशा क्लबांत वर्षाचे हंगाम पाडलेले असतात. मे महिना आणि दिवाळीचे दिवस सर्वांत महाग, पावसाळा सर्वांत स्वस्त. मे महिन्यात लग्नसराई, दिवाळीत तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळा स्वस्त खरा, पण तो आपला चातुर्मास. बापूजी आणि आई त्या चार महिन्यांत गावाबाहेर मुक्कामाला जात नाहीत, आणि पर्युषणाच्या सुमारास तर आम्हीही नाही. उरतो पौष. लग्ने नाहीत, पेठ थंड. पण मुलांची शाळा चालू. सात रात्रींपैकी आमच्या हाती फार तर चार लागल्या असत्या, आणि चारच रात्री वापरल्या तर एका रात्रीची किंमत बारा हजारांवर जाते. सदस्यत्वाची विक्री करणारा सात रात्री मोजून देतो; वापरलेल्या रात्री मात्र ज्याच्या त्याने मोजायच्या असतात.

आमच्या करारात दहा दिवसांत रद्द करण्याची सोय होती. नवव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. आगाऊ रक्कम परत यायला दोन महिने आणि बरेच फोन लागले. ज्यांची मुदत टळून गेली असेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

बापूजींच्या सावधपणाला दुसरेही कारण होते. ‘क्लब’ या शब्दाने पोळलेली घरे महाराष्ट्रात थोडी नाहीत. पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीने हॉटेलातील खोल्यांच्या रात्री विकण्याच्या योजना चालवल्या. मुदतीअखेर वाढीव रक्कम हाती येईल या आशेने लोकांनी पैसे भरले. २०१४ मध्ये सेबीने नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि २०१६ मध्ये सात हजार कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश दिला. पैसे भरणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर होती. आमच्यासमोरची योजना त्या जातीची नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तिथे परताव्याचे आमिष नव्हते, रिसॉर्ट खरोखर उभे होते. पण ज्या वस्तूचा उपभोग पुढची पंचवीस वर्षे घ्यायचा आणि पैसे आज द्यायचे, तिला माल न म्हणता उधारी म्हणावे, आणि त्या उधारीत सावकार आपण असतो.

विलायतेत क्लब म्हणजे काय, हे पाहिले म्हणजे फरक कळतो. इंग्लंडमध्ये घरासारखी सजवलेली गाडी घेऊन हिंडणाऱ्यांचा कॅरॅव्हॅन क्लब १९०७ पासून आहे. तंबूवाल्यांचा त्याहून जुना, १९०१ चा. सभासद वर्षाची माफक वर्गणी भरतो, आणि जिथे मुक्काम करील तिथल्या रात्रीचे पैसे तिथे देतो. क्लबच्या मोठ्या तळांखेरीज शेतकऱ्यांच्या बांधावर जेमतेम पाच गाड्यांचे छोटे तळ असतात, ते फक्त सभासदांसाठी. पुढच्या वर्षी जायचे नसेल तर वर्गणी भरू नये, तोटा इतकाच. आपल्याकडे याच्या जवळची संस्था म्हणजे यूथ होस्टेल्स असोसिएशन. तिचे सदस्यत्व काही शे रुपयांत मिळते, आणि हिमाचलात कसोलसारख्या ठिकाणी तिच्या तंबूंच्या छावण्यांत जेवण शाकाहारी असते, मद्याला मज्जाव असतो. कांदा-लसणाची अडचण मात्र आधी बोलून घ्यावी. घरातल्या तरुणांसाठी याहून स्वस्त आणि निर्धोक सदस्यत्व मला ठाऊक नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ते पाहून सौ. हसल्या. त्या म्हणाल्या, ‘आपण काय वेगळे करतो? फक्त आपल्या कॅरॅव्हॅनला टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतात.’

आणि ते खरेच आहे. त्या पौषात आम्ही अकरा जण टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो. मुले आत्याकडे ठेवली. मागच्या बाकाखाली शेगडी, खाकऱ्यांचे डबे, पाणी गाळण्याचे फडके, भाजणीच्या पिठाची पिशवी. दोन रात्री कुंभोजच्या बाहुबलीला. डोंगराच्या पायथ्याशी अठ्ठावीस फुटी शुभ्र मूर्ती, आश्रमातील मुलांचा पहाटेचा घोष, आणि सूर्यास्तापूर्वी वाढलेले पान. मग बेळगाव. तिथल्या किल्ल्यातील कमलबस्ती १२०४ मधील. छतावरचे दगडी कमळ पाहताना आई मान खाली करीना. पुढे हुबळीला एक रात्र आणि श्रवणबेळगोळला दोन. रोज नवा मुक्काम, रोज बांधाबांध. निवासाची पावती जितक्या रुपयांची फाडली तितक्याहून अधिक आम्ही भोजनशाळेच्या पेटीत टाकले, तरी माणशी खर्च क्लबच्या एका रात्रीच्या आत राहिला. जो रोज पुढे सरकतो त्याला सात रात्री एकाच ठिकाणी राहण्याच्या हक्काचा उपयोग नाही. आणि आपल्या माणसाला भिंतीवर टीव्ही नसला तरी चालतो, वेळेवर साधे जेवण मात्र हवे असते.

इतके लिहून थांबलो असतो तर हा लेख बापूजींच्या बाजूचा झाला असता. सौं.चे म्हणणे उरतेच. त्या म्हणाल्या, ‘यात्रेत मी सहा दिवस बॅगा भरल्या आणि पोळ्या लाटल्या. सुट्टी तुमची झाली.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुण्याचे माझे मेहुणे अशाच एका क्लबचे सभासद आहेत. ते नोकरीत आहेत, रजा सहा महिने आधी ठरते, घेतलेल्या खोलीला स्वयंपाकाचा ओटा असतो, आणि आठ वर्षांत त्यांनी एकही रात्र वाया घालवलेली नाही. त्यांचा व्यवहार चोख आहे. शिवाय सदस्यत्वाचा एक छुपा गुण मला त्यांच्याकडे पाहून कळला: पैसे आधीच गेलेले असल्यामुळे त्यांना जावेच लागते. आम्हा दुकानदारांना महाग पडतो तो मुक्काम नव्हे. ओढलेले शटर महाग पडते. ते ओढायला लावणारे काहीतरी हवेच.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. एकोणपन्नास हजार रुपये दर दिवाळी पाडव्याला वेगळ्या खात्यात जमा होतात, आणि ते खाते सौं.च्या नावावर आहे. पहिल्या वर्षी त्यातून फार थोडे खर्च झाले, कारण मुलांनी प्रबळमाचीचा हट्ट धरला. पनवेलहून तासाभरात ठाकूरवाडी, तिथून दोन-अडीच तासांची चढण. माचीवरचे गावकरी तंबू लावून देतात, घरचे जेवण देतात. आधी फोन करून ठेवला होता. कांदा-बटाटा वगळून पिठले, तांदळाची भाकरी आणि चटणी साडेपाचलाच पानात आली. समोर कलावंतीणच्या सुळक्यावर उतरती उन्हे होती. रात्री तंबूबाहेर आलो तेव्हा खाली पनवेलचे दिवे दिसत होते, आणि धाकटा त्यात आपले दुकान शोधत होता.

यंदा मात्र सौं.नी कूर्ग सांगितले आहे. एकच जागा, पाच रात्री, स्वयंपाक नाही. मुलांसाठी नाताळच्या सुट्टीचे दिवस, भाडे जास्त पडले तरी. मी गडी माणसांवर दुकान सोपवायचे कबूल केले आहे. बापूजींनी काल सहज विचारल्यासारखे विचारले, तिथून मूडबिद्री किती लांब पडते.