आग कोणी लावली?

विडीला तेंदूचं पान लागतं ते कोवळं, मऊ, बिनडागाचं. जुन्या झाडाचं पान जाड आणि चिवट होतं, म्हणून हंगामाच्या आधी तेंदूची झुडपं जमिनीलगत छाटतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे याला खुटकटाई म्हणतात. छाटलेल्या खुंटाला दीडेक महिन्यात नवे धुमारे फुटतात आणि मे महिन्यात त्यांचीच पानं 70-70 च्या पुड्यांत बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, येतात. खुटकटाईला मजूर लागतात, त्यांची मजुरी द्यावी लागते. आगीला एक काडी पुरते. रान जळलं की तेंदूच्या मुळांतून तसेच धुमारे वर येतात. धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणी ते मोठ्याने बोलत नसे.

मी त्या धंद्यात मुन्शी होतो. अंधारी अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट आहे. 1969 च्या कायद्यानंतर तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात आला होता. जंगलाचे घटक कंत्राटदार विकत घ्यायचे आणि त्यांच्या वतीने फळी चालवायला माझ्यासारखी माणसं असायची. मोहर्लीच्या बाजूचा एक घटक माझ्याकडे होता. मालकाने खुटकटाईचे पैसे वेळेवर दिले होते. ते मला वाचवून दाखवायचे होते, म्हणजे पुढच्या वर्षी मोठा घटक माझ्याकडे येईल. मजुरांना मी बोलावलंच नाही. मार्चच्या अखेरीस एका संध्याकाळी काडी मी स्वतः ओढली.

आग तेंदूच्या पट्ट्यात राहील असं मी धरून चाललो होतो. रात्री वारं फिरलं. पट्ट्याच्या पलीकडे मोहाची झाडं होती आणि मोह नुकता टपकायला लागला होता. ज्यांनी हे दिवस पाहिलेले नाहीत त्यांना सांगायला हवं की मोहाचं झाड पिढ्यानपिढ्या त्या त्या घराचं मानलेलं असतं. पहाटे अंधारात बायका-पोरं टोपल्या घेऊन जातात, खाली पडलेली फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. ते त्या घराचं अन्न असतं आणि वर्षातला बराचसा रोख पैसाही त्यातूनच येतो. माझ्या आगीत खाली पडलेली फुलं जळली आणि वरचे घोस धगीने करपले. झाडं उभी राहिली, पण तिथल्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, कितीतरी घरांचा त्या वर्षीचा मोह गेला.

सकाळी मी बघायला गेलो. वारुळं काळी पडून भेगाळली होती. नाल्याच्या काठी टिटव्यांची एक जोडी माझ्या डोक्यावरून ओरडत फिरत होती. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती कशासाठी ओरडते आहे हे कळण्याइतकं जंगल मला कळत होतं. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा मी नाल्यावर बसलो, पाण्यावर तरंगणारी राख हाताने बाजूला सारली, त्याच पाण्याने वजू केला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतले, आणि नमाज पढलो. मला त्यात काहीही विसंगत वाटलं नाही. मजुरीत खोट नाही, मापात खोट नाही, म्हणजे कमाई हलाल, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात जंगलाचा रकानाच नव्हता.

दुपारनंतर जंगलखात्याचे नाकेदार आले आणि त्यांनी विचारलं, आग कोणी लावली?

मी म्हणालो, मोह वेचणाऱ्यांपैकी कोणीतरी लावली असेल.

हे पटण्यासारखं होतं. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळायची रीत आहे, आणि त्यातून वणवे लागतात हेही खरं आहे. म्हणूनच ते खोटं इतकं सहज चाललं. जळालेल्या पट्ट्याला लागून ज्या गोंड म्हाताऱ्याची झाडं होती, त्याच्यावर ठपका आला. त्याला दिवसभर बसवून ठेवलं, दंड झाला. दंड भरायला त्याने शेळ्या विकल्या. नंतर तो माझ्या झोपडीशी आला, आत न येता उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "पान तं भेटन तुमाले मुन्शीजी, पन आमचा मोह गेला नं." पुढे त्याने काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही.

त्या हंगामात पान फार सुंदर आलं. मालक खूश झाले आणि मला मोठा घटक मिळाला. त्या टोल्यावरचं एकही माणूस मात्र पुन्हा माझ्या फळीवर पुडे घेऊन आलं नाही. ते दूरच्या फळीवर चालत जायचे.

पुढे अभयारण्य झालं, त्या बाजूची पानतोड बंद झाली आणि मी चिडलो. शेजारचं 1955 चं ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान होतं तेवढं पुरे नव्हतं का, असं मी चारचौघांत बोलायचो. अल्लाहने झाडं-जनावरं माणसासाठी निर्माण केली आहेत, ती कुलूप लावून ठेवायला नाही, असा धर्माचा आधारही द्यायचो. गाभ्यातल्या ज्या गावांना उठून जावं लागलं त्यांची तक्रार खरी होती आणि आजही आहे. माझी तक्रार तशी नव्हती. आणि धर्माचं म्हणाल तर, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेभोवती 12 मैलांचा मुलूख राखीव केला होता, तिथे झाड तोडायला मनाई होती आणि शिकार करायलाही मनाई होती, हे सही मुस्लिम या प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहात नोंदलेलं आहे. अरबस्तानात अशा राखीव रानाला हिमा म्हणत. ज्या धर्माचा आधार मी देत होतो, त्यातलं एवढंही मी वाचलेलं नव्हतं.

काम सोडून चंद्रपूरला राहायला आल्यावर, एका जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या बयानात मी एक हदीस, म्हणजे प्रेषितांबद्दलची नोंद, ऐकली. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे आणि अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी सांगितलेली आहे. प्रवासात प्रेषितांच्या सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती पंख पसरून त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी विचारलं, हिला पिल्लांपायी कोणी दुखावलं, आणि पिल्लं परत ठेवायला सांगितली. मग त्यांना मुंग्यांचं एक जळालेलं वारूळ दिसलं. हे कोणी जाळलं, असं त्यांनी विचारलं. सोबत्यांनी सांगितलं की आम्ही जाळलं. त्यावर प्रेषित म्हणाले की आगीची शिक्षा देणं आगीच्या मालकाखेरीज कोणालाही शोभत नाही.

मी पुढचं बयान ऐकलंच नाही. पक्षीण, वारूळ, आग आणि तोच प्रश्न. सोबत्यांच्या हातून चूक झाली होती, आणि विचारल्याबरोबर त्यांनी ती आपली म्हणून सांगितली. म्हणून तर पुढची शिकवण त्यांना मिळाली आणि चौदाशे वर्षांनी आम्हालाही मिळाली. मला तोच प्रश्न विचारला गेला तेव्हा मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर मी शोधून वाचू लागलो. जमिनीवर चालणारा प्रत्येक जीव आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे तुमच्यासारखेच समाज आहेत, असं कुरआनच्या सहाव्या सूरेत सांगितलं आहे. एका मुंगीने चावा घेतला म्हणून एका नबीने अख्खं वारूळ जाळवलं, तेव्हा अल्लाहची स्तुती करणारा एक समाजच तू नष्ट केलास, अशी समज त्यांना मिळाली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. प्रेषित एका मुद्दात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करत. आमच्या मशिदीत तोट्या मोकळ्या सोडून वजू चालतो. शहराला ते पाणी मोहर्लीच्या इरई धरणातून येतं. 2010 च्या उन्हाळ्यात हे धरण इतकं आटलं की वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. तरी तोट्या बदलायला मी बोललो तेव्हा कमिटीत कोणाला ते दीनचं काम वाटलं नाही. मी अजून बोलतो.

तौबा मी केली होती. मौलवीसाहेबांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की अल्लाहचा हक्क तौबेने माफ होईल, माणसाचा हक्क माणसाने माफ केल्याशिवाय होत नाही. म्हातारा तोवर गेला होता. त्याचा मुलगा मोहर्लीच्या गेटवरून सफारीच्या जिप्सीबरोबर गाईड म्हणून जातो. त्याला भेटून मी दंडाचे, शेळ्यांचे आणि मोहाचे मिळून पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत. तो म्हणाला, बाबांचं नाव गावात खराब झालं, तुम्ही गावातच सांगा.

मी ग्रामसभेत उभा राहून सांगितलं. पाय कापत होते. कोणी आरडाओरडा केला नाही. एका बाईने मात्र विचारलं, इतकी वर्षं काय करत होते? त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं आणि मी ते बनवून दिलं नाही. मग पैशांचं काय करायचं यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि ते वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणाऱ्या पोरांच्या मजुरीला द्यावेत असं ठरलं.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम धरतात. तो सुरू व्हायच्या आधीच्या जुम्याला मुंग्यांची हदीस सांगावी, अशी विनंती मी आता दरवर्षी इमामसाहेबांना करतो. आमच्यातली कितीतरी पोरं अजूनही पानाच्या धंद्यात आहेत.