नऊ हजार ब्रॅकेट

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये मी प्रॉडक्शन बघत होतो. एका दुपारी गिऱ्हाईक कंपनीच्या असेंब्लीवरून फोन आला, तुमच्या ब्रॅकेटच्या भोकात बोल्ट जात नाही. गोडाऊनमधले बिन उपसले. पंचाची कड उडाली होती आणि नऊ हजारांतल्या बहुतेक ब्रॅकेटना भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरबरीत कोर, आली होती. माल वीस दिवसांपूर्वी काढलेला. आधीचा साठा संपेपर्यंत नुसता पडून होता. आठवडाभर माणसं घासत बसली, तरी दोन हजारांवर ब्रॅकेट भंगारात गेले.

सगळ्यांनी ऑपरेटरकडे बोट दाखवलं. मला मात्र वाटत राहिलं, रोज चारशे लागतात, तर एका दमात नऊ हजार काढले कशाला? दीडशे टनी प्रेसवर डाय बदलायला अडीच तास जात. एवढ्या खटाटोपानं चढवलेली डाय महिन्याचा माल काढल्याशिवाय कोण उतरवणार?

जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांच्याविषयी मी वाचलं होतं. १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. ते काम त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. प्रेस बंद ठेवूनच करावं लागणारं काम कोणतं आणि ती चालू असताना उरकता येणारं कोणतं, ही त्यांची पहिली विभागणी.

घड्याळ घेऊन मी आमच्या सेटरमामांच्या मागे उभा राहिलो. तीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस. अडीच तासांत त्यांचा हात डायवर चाळीस मिनिटंच होता. बाकी वेळ डाय शोधण्यात, फोर्कलिफ्टची वाट बघण्यात, बोल्ट जुळवण्यात आणि पहिला पीस पास करायला क्वालिटीवाला येईपर्यंत थांबण्यात गेला. मी कागद दाखवला तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, हे मला रोज दिसतं. विचारलं कुणी नाही."

मग त्यांनीच सांगत जायचं आणि आम्ही करत जायचं, असं ठरलं. पुढची डाय, कॉइल आणि पाने ट्रॉलीवर आधीच प्रेसजवळ येऊ लागले. डायच्या बुडाला पट्ट्या लावून सगळ्यांची उंची सारखी केली, त्यामुळे दर वेळी रॅम वर-खाली करणं थांबलं. क्लॅम्पचे बोल्ट हवे तेवढ्याच लांबीचे केले. नट आवळला जातो तो शेवटच्या आट्यावर. आधीचे पंधरा आटे फिरवणं म्हणजे नुसती मेहनत, हेही शिंगोंनीच दाखवलेलं. चार महिन्यांत काम बत्तीस मिनिटांवर आलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. डाय बदलण्यातला वेळ वाचल्यावर रविवारचा ओव्हरटाइम बंद झाला आणि पोरांच्या हातात पैसे कमी पडू लागले. त्यांचा राग रास्त होता. वाचलेला पैसा त्यांच्याच हातांनी वाचवला होता. मालकांशी दोनदा भांडून मी प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह सुरू करून घेतला. तो आधीच ठरवायला हवा होता, ही चूक माझी.

पुढच्या पावसाळ्यात पंचाची कड पुन्हा उडाली. तेव्हा लॉट बाराशेचा होता. दुसऱ्याच दिवशी बर हाताला लागली आणि गिऱ्हाइकाकडे एकही खराब ब्रॅकेट गेला नाही.