मधमाशी की गांधीलमाशी?



आदिलाबादकडची आपण मराठी माणसं दोघींनाही 'माशी' म्हणून मोकळी होतो. तेलुगू शेजारी तेनेटीग आणि कंदिरीग अशी वेगळी नावं घेतो. पवित्र शास्त्रही फरक करतं. शमशोनाला सिंहाच्या कलेवरात सापडला तो मधमाशांचा थवा. निर्गम 23:28 मध्ये देव इस्राएलापुढे पाठवतो त्या गांधीलमाशा. दबोरा या नावाचा अर्थच मधमाशी. पण म्हणून मधमाशी गरीब समजू नका, स्तोत्र 118 मध्ये शत्रू घेरतात ते मधमाशांसारखेच!

मधमाशी तपकिरी, अंगावर लव, मागच्या पायांना परागाच्या गोळ्या. गांधीलमाशी गुळगुळीत, कंबर दोऱ्यासारखी, उडताना पाय लोंबतात. मधमाशीचं पोळं मेणाचं. हिचं घर लाकूड चघळून केलेल्या कागदाचं, करडं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या पत्र्याखाली असंच करडं घर लागलं, अगदी रविवारशाळा बसते तिथं. एका लेकराला डसली. तरुण मंडळी टेंभा घेऊन आली, "मोहोळ आहे, मधही मिळेल" म्हणत. शेजारच्या कोलाम आजोबांनी जन्मभर आग्या मोहोळाचा मध काढलेला. वर पाहून ते म्हणाले, "ह्यात मध नाही, बाबा. आणि ही तुमच्या कपाशीतल्या अळ्या उचलून नेते."

मग राहू द्यावं, असं काहींना वाटलं. लेकराच्या आईनं विचारलं, "उद्या परत डसली तर?" मला तिचंच पटलं. अळ्या खाते हे खरं, पण ते शेताच्या बांधावर; लेकरांच्या डोक्यावर नको. मात्र लाकडी वाशांखाली टेंभा धरणं म्हणजे चर्चच पेटवणं. पाळकसाहेबांनी वर्ग कडुनिंबाखाली हलवला, आणि चार दिवसांनी एका जाणत्या माणसानं रात्री ते घर काढलं.

फरक कळण्याचा उपयोग डसल्यावरही होतो. मधमाशीच्या नांगीला काटे असतात, ती कातडीत रुतते आणि माशी मरते. ती नांगी नखानं खरवडून ताबडतोब काढावी, कारण तुटल्यावरही तिच्यातून विष उतरत राहतं. गांधीलमाशी सहसा नांगी ठेवत नाही, पुन्हा पुन्हा डसते; तिथून आधी लांब व्हावं. दोन्हींत जागा धुऊन गार फडकं ठेवावं. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर हळद-चुना लावत बसू नये. 108 ला फोन करावा आणि प्रार्थना गाडीत करावी.