वाजवलेला कातळ

सह्याद्रीतल्या तैलबैल्याच्या कातळभिंतीवर प्रत्येक होल्ड धरण्याआधी मी तो वाजवून बघतो. बाजारात मडकं वाजवून घेतात, तसा. मनगटाजवळच्या तळव्याने दोन थापा. घट्ट कातळाचा आवाज जवळजवळ येतच नाही, थाप परत हाताला लागते. सुटलेला दगड बद्द वाजतो, आणि कान तयार झाला की त्यामागची फटही ऐकू येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसाल्ट, उन्हापावसाने जागोजागी उकललेला. इथे नुसत्या ताकदीवर चढता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५च्या पुस्तकात ‘फ्लो’ची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी अभ्यासलेल्या लोकांत प्रस्तरारोहकही होते. आव्हान आणि कौशल्य तोडीस तोड असलं की माणूस कामात विरघळतो, हे मी अनुभवलंय. दोन तासांची चढाई वीस मिनिटांची वाटते. आपल्याकडे याला भान हरपणं म्हणतात. कड्यावर मात्र मला तो शब्द सलतो.

कारण एकदा माझं भान खरोखर हरपलं होतं. डिसेंबरातली सकाळ, लीड माझ्याकडे, म्हणजे दोर घेऊन पुढे मी. हातापायांची लय अशी काही जमली की मी तिच्यावरच भाळलो. चार होल्ड न वाजवता धरले. पाचवा, पाटीएवढा, हातात आला. दोर अडकवलेला शेवटचा पेग, म्हणजे कातळात ठोकलेला खिळा, दोन मीटर खाली होता. दोराने झेललं, आणि मग कितीतरी वेळाने दगड घसाऱ्यात फुटल्याचा आवाज आला.

“लागलं का रे?” खालून दोर सांभाळणारा मित्र ओरडला. कोपर सोलवटलं होतं, एवढंच.

सतराव्या शतकातले झेन भिक्षू ताकुआन सोहो यांनी तलवारबाज याग्यू मुनेनोरींना लिहिलं होतं, की मन कुठेच अडकू देऊ नये. ते शत्रूच्या तलवारीवर अडकलं तरी घात, आणि स्वतःच्या तलवारीवर अडकलं तरी घातच. माझं मन भीतीवर अडकलं नव्हतं. ते स्वतःच्या आनंदावर अडकलं होतं, आणि तेवढ्यात माझे कान मिटले होते. झेन हा शब्द आपल्या ‘ध्यान’ शब्दापासूनच आलाय. त्या ध्यानात कान उघडे असतात.

श्वास बसल्यावर मी पुन्हा वर गेलो. दगड निघाला तिथे निळसर काळा, ओलसर कातळ उघडा पडला होता. त्यावर तळवा ठेवला, गार लागला. मग दोन थापा मारल्या आणि ऐकलं.