यंत्राची साक्ष

उसनवारीची चिठ्ठी पूर्वीं मोठी बोलकी वस्तु असे. अक्षराचें वळण, घडीवर झिजलेला कागद आणि खालीं साक्षीदारांच्या सह्या, एवढ्यावरून न्यायाधीशाला पुष्कळ उमजे. आज ती चिठ्ठी मोबाइलमध्यें जाऊन बसली आहे. तिला ना शाई, ना हस्ताक्षर. आणि कसबी माणसाला ती बदलतांही येते!

कायद्यानें तिच्याकडे संशयानें पाहावें, यांत नवल नाहीं. 1872 च्या पुरावा कायद्यांत 2000 सालीं 65-ब हें कलम आलें, आणि संगणकांतून काढलेल्या प्रतीला दाखल्याची जोड लागूं लागली. हा दाखला अनिवार्य कीं काय, यावर वर्षानुवर्षें वाद चालला. जालना मतदारसंघांतील 2014 च्या निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां 2020 सालीं उत्तर मिळालें: प्रतीला दाखला हवाच, मालकानें मूळ यंत्रच आणून साक्ष दिली, तर मात्र तो नको. आणि सर्व खटपट करूनही अधिकाऱ्यांनीं ज्याला दाखला दिला नाहीं, त्याला अडवूं नये.

1 जुलै 2024 पासून जुन्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या 63 व्या कलमान्वयें दाखल्याचे दोन भाग झाले: एक पक्षकारानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें. त्यांत नोंदीचें 'हॅश' मूल्यही लिहावें लागतें. हें मूल्य म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसाच. एक काना बदलला तरी तो निराळा उमटतो.

तरतूद शहाणपणाची आहे. पण माझ्या मावशीनें एका परिचित गृहस्थांना पन्नास हजार रुपये दिले, त्याला आधार काय तो फोनवरील एका ओळीचा! तिला मी हें तज्ज्ञाचें प्रकरण सांगूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, "अरे, पैसे दिले मी, निरोप वाचला मी, मग हा तिसरा कोण?" "मावशी, फोन तेवढा जपून ठेव," याहून अधिक मला सांगतां आलें नाहीं.

मोठ्या पेढ्यांच्या पदरीं तज्ज्ञ असतात. मावशीनें तो कोठून आणावा? मला वाटतें, नियमांत आणखी एक सुधारणा व्हावी. "हा निरोप माझा नव्हे," असें प्रतिपक्ष शपथेवर सांगेल, तेव्हांच तज्ज्ञ बोलवावा. आणि त्याचा खर्च प्रथम नाकारणाऱ्यानें सोसावा. मग पुष्कळांना आपलेच शब्द चटकन् आठवूं लागतील!