शिफ्ट सुटल्यानंतरची दहावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या परिसरात मी महिला मंडळाचे काम करते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. औद्योगिक वसाहतीतल्या मंडळाने आपला वेळ, पैसा आणि माणसे यांचा मोठा वाटा एकाच कामावर लावावा: कारखान्यात काम करणाऱ्या बायकांची अर्धवट राहिलेली दहावी पूर्ण करून घेणे. मंडळांचे वर्ष साधारण ठरलेले असते. संक्रांतीला हळदीकुंकू आणि वाण, आठ मार्चला सत्कार, जूनमध्ये वह्यांचे वाटप, मधे एखादे हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर, कधी शिलाई मशीन. यातले काहीच वाईट नाही. हळदीकुंकवाच्या निमित्ताने घराबाहेर पडलेल्या बाईला ते दोन तास किती मोलाचे असतात, हे मला ठाऊक आहे. पण असे कार्यक्रम बहुतेक दुपारी असतात आणि त्या वेळी फौंड्रीच्या कोअर शॉपमधली बाई कामावर असते. ज्या बाईमुळे ही वसाहत चालते, तिला वसाहतीतल्या मंडळाच्या कार्यक्रमाला येता येत नाही. तपासणी शिबिराचेही तसेच. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. एका दिवसाच्या शिबिरात प्रत्येकीचा आकडा कागदावर येतो, पण गोळ्या घेतल्या का, पुन्हा तपासले का, हे विचारायला महिन्याने कोणी जात नाही. वस्तू देऊन संपणारे काम आणि वर्षभर सोबत राहणारे काम यांत मंडळाने दुसरे निवडावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिरोली, नागाव, शिये, हालोंडी, टोप या गावांतल्या कितीतरी बायका इथल्या फौंड्र्यांत आणि मशीन शॉपांत जातात. कोअर करणे, तयार माल तपासणे, पॅकिंग, साफसफाई ही कामे त्यांच्याकडे असतात. पुष्कळजणी ठेकेदाराकडच्या हजेरीवर असतात. त्यांच्यातल्या अनेकींची शाळा आठवी-नववीला थांबलेली असते आणि ती फी नव्हती म्हणून थांबलेली नसते. राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, तेही कित्येक वर्षांपासून. शाळा थांबते ती पुढची शाळा लांब असते म्हणून, धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते म्हणून, लग्न ठरते म्हणून. २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा माफ केली. पण त्या दारापर्यंत पोचायला आधी दहावी आणि बारावी लागते. मधल्या मधे अडकलेल्या बाईला राज्याच्या परीक्षा मंडळाने एक रस्ता ठेवला आहे. त्याला सगळे १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार जोडून मुदतीत अर्ज केला की बाहेरून दहावीला बसता येते. रस्ता आहे, पण त्यावरून बाईला एकटीने चालणे अवघड जाते. दाखला जुन्या शाळेतून आणायचा, लग्नानंतर बदललेले नाव जुळवायचे, अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी सोडलेले बीजगणित पुन्हा हातात घ्यायचे. नेमके इथेच महिला मंडळाचे काम आहे.

शिकणाऱ्याची अडचण उचलण्याची ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्या सोळा वर्षे आधी, १९०१ मध्ये, इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली, याचा अर्थ आपण पुरता ध्यानात घेत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेचे दार उघडे असून भागत नाही, त्याला राहायला जागा आणि जेवायला भाकरी लागते, हे महाराजांनी आधी ओळखले होते. मुलींच्या शाळांची जबाबदारी त्यांच्या कारकिर्दीत रखमाबाई केळवकरांकडे होती, म्हणजे मुलींच्या शाळा पाहायलाही बाईच होती. त्याआधी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांना येता येत नव्हते. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये उभ्या केलेल्या पुणे सेवासदनात घर-संसारात अडकलेल्या आणि वैधव्य आलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालले. शिकणाऱ्याची वेळ पाहून शाळा भरवायची, आणि शाळेबरोबर तिची अडचणही उचलायची, ही आपली जुनी रीत आहे. शिरोलीत तिचा अर्थ सरळ आहे: वर्ग शिफ्ट सुटल्यावर भरावा, वस्तीजवळ भरावा आणि त्याच्या शेजारच्या खोलीत मुले सांभाळायला कोणीतरी असावे. कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघराची अट होती. इथल्या पुष्कळ लहान युनिटांत बायका दहा-पंधराच असतात. एकेका कारखान्याची मोजणी केली की ती अट अशा युनिटांना लागू होत नव्हती. सगळ्या वसाहतीचा विचार केला तर पाळणाघराची गरज उघड दिसते. कायद्याच्या मोजणीतून सुटलेली ही जागा मंडळाने भरून काढावी.

यावर पहिला आक्षेप मंडळातल्याच बायका घेतात, आणि तो खरा आहे. आठ तास उभे राहून, घरी जाऊन भाकरी थापायच्या असलेली बाई अभ्यासाला कशी बसेल? रोज नाहीच बसणार. म्हणून वर्ग आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, दीड तासाचा असावा, आणि एका वर्षात सगळे विषय काढण्याचा हट्ट नसावा. राहिलेल्या विषयांना पुन्हा बसण्याची सोय परीक्षा मंडळाने ठेवलीच आहे. शिवाय शिफ्ट आठवड्याला बदलते. तोच धडा एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतला नाही, तर दुसऱ्या पाळीतली बाई दर पंधरवड्याला मागे पडेल आणि शेवटी यायची बंद होईल. शिकवणारी माणसे दुप्पट लागतील. मंडळाने खर्च करायचा तो इथे.

दुसरा आक्षेप पस्तिशीतल्या बाईला दहावीचा उपयोग काय, असा. नोकरीपुरते पाहिले तरी आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते, आणि ज्या बाईने वर्षानुवर्षे कोअर केले आहेत तिला फौंड्रीचे काम नव्याने शिकवावे लागत नाही. तिच्याकडे कागद नसतो, म्हणून ती हेल्पर राहते. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते अभ्यासाच्या वाटेवर येणारे गणित. शेकडेवारी शिकवायला पगाराची चिठ्ठी पुरते. पीएफ पात्र वेतन बारा हजार असेल तर बारा टक्क्यांनी १,४४० रुपये कापले जायला हवेत, ईएसआयचे पाऊण टक्क्याने ९० रुपये. हे स्वतः काढता आले की पुढचा प्रश्न बाई आपणहून विचारते: कापलेले पैसे माझ्या खात्यावर दिसतात का? बाळंतपणात ईएसआयकडून २६ आठवड्यांचा लाभ मिळू शकतो, हे ठेकेदाराकडच्या बाईला बहुधा कोणी सांगितलेले नसते. मराठीच्या तासाला अर्ज लिहायला शिकवावा आणि तो याच विषयावर असावा.

हे सरकारचे काम आहे, हा तिसरा आक्षेप. सरकारचे आहेच. पण २०२२ पासून चालू असलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे आणि त्यात शिकवायचे आहे ते स्वयंसेवकांनी. म्हणजे सरकारच आपल्याकडे माणसे मागते आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या कामगारांच्या ज्या बायकांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यासाठी हा कार्यक्रम आधी आणि दहावी नंतर. कंपन्यांच्या सीएसआरवर सोडून द्यावे म्हटले, तर दोन टक्क्यांची ती सक्ती मोठ्या नफ्याच्या किंवा उलाढालीच्या कंपन्यांना आहे. इथल्या बहुतेक लहान फौंड्र्या त्या मर्यादेच्या खूप खाली आहेत.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि तो फारसा मोठ्याने बोलला जात नाही. औद्योगिक वसाहतीतल्या मंडळात उद्योजकांच्या, अधिकाऱ्यांच्या घरच्या बायका असतात. वर्गात येणारी बाई त्यांच्याच कारखान्यात कामाला असेल, तर ती मोकळी कशी बसेल? ईएसआयचा प्रश्न विचारला तर उद्या हजेरी बंद होईल, ही भीती खोटी नाही. मला वाटते, मंडळाने याचे उत्तर नियमांतून द्यावे. गोड बोलून हे भागणार नाही. वर्ग कोणत्याही कंपनीच्या आवारात भरू नये; ग्रामपंचायतीची किंवा शाळेची खोली घ्यावी. हजेरीपट कारखान्याकडे जाऊ नये. शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका असाव्यात, आणि वर्गाच्या समितीत शिकणाऱ्या बायका निम्म्या असाव्यात. मंडळाने कामगार संघटनेची जागा घेऊ नये, ते त्याचे काम नाही. पण पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवताना संकोच वाटत असेल, तर आपण सेवा कोणाची करतो हे त्या मंडळाने स्वतःला विचारायला हवे. मालकाच्या घरच्या बाईने हे काम मनापासून केले, तर कारखान्यात तिचा शब्द चालतो हाही वर्गाचा फायदाच आहे. परीक्षेच्या महिन्यात शिफ्ट बदलून मिळवणे तिला जमेल, बाहेरच्या कोणाला जमणार नाही.

वाटप कधीच करू नये असे माझे म्हणणे नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा अंथरूण, धान्य, औषध हीच सेवा होती. पूर ओसरल्यावर मात्र मंडळाला बाराही महिने वाटपाची सवय राहू नये. या भागातल्या निवृत्त शिक्षिकांना माझी विनंती आहे की गणित, इंग्रजी किंवा विज्ञान यांपैकी एका विषयासाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी वर्षभरासाठी द्याव्यात. कारखानदारांकडे मागणे त्याहून लहान आहे. १७ नंबरचा फॉर्म भरलेल्या बाईला पेपरच्या दिवशी भरपगारी रजा द्या, आणि ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या बाईलाही ती मिळेल असे पाहा.